काळ्या ओढ्याकडे पाठ

टप्पा पहिला. गाडीतळ ते हरणांच्या कुंपणाचं फाटक. दोन किलोमीटर, चढ नाही. ठरलेली वेळ पस्तीस मिनिटं.

इश्बेल गेडिसनं कार्ड वाचायला घेतलं तेव्हा वारा ते तिच्या हातातून हिसकायला बघत होता. तिनं अंगठ्यानं कोपरा दाबून धरला आणि आवाज चढवला. तीस वर्षं या खोऱ्यात टपालाची गाडी चालवली होती तिनं. बहिऱ्या म्हाताऱ्यांना फाटकातून हाका मारून मारून कमावलेला आवाज होता तो.

"आज सरोवराला वळसा नाही. ऐकताय ना सगळे? वळसा नाही! काळ्या ओढ्याच्या याच काठानं वर नव्या बंधाऱ्यापर्यंत जायचं, तिथं जेवायचं, आलो तसंच परत. ओढा कुणीही ओलांडायचा नाही."

समोर बारा माणसं. त्यातली सात तिची नेहमीची. उरलेली पाच पाहुणी होती, आणि पाहुण्यांच्या तोंडावर लग्नाला निघून बारशाला पोचल्यासारखा भाव होता.

क्लबाच्या दोन तुकड्या. वरची तुकडी शिखरावर जाते, खालची पायथ्यानं फिरते. आज वरती ताशी ऐंशी मैलांचा वारा सांगितला होता, तेव्हा वरच्यांची चाल रद्द झाली आणि त्यांचा म्होरक्या मर्डो गिलीस चौघांना घेऊन खालच्यांत सामील झाला. मर्डोनं देशातली तीन हजार फुटांवरची सगळी शिखरं पायाखाली घातली होती, दोनशे ब्याऐंशी. तो हे कुणाला मुद्दाम सांगत नसे. विचारायला मात्र लावत असे.

दुरून डोंगर साजरे म्हणतात. आज ते दुरूनसुद्धा दिसत नव्हते. ढग घरांच्या धुराड्यांपर्यंत उतरला होता.

इश्बेल कार्ड वाचत असताना मर्डो वाकून बुटाच्या नाड्या बांधत होता आणि इनिसला कसला तरी जुना किस्सा सांगत होता. खालच्या चालीत ऐकायचं काय असतं? पाणी डाव्या हाताला ठेवायचं, पाणी संपलं की घरी.

"वादळाला या वेळी नाव काय दिलंय म्हणे?" एफीनं विचारलं. एफी शहात्तर वर्षांची, हृदयात दोन स्प्रिंगा, आणि खालच्या तुकडीचं शेपूट; म्हणजे सगळ्यांच्या मागे चालायचं, कुणी मागे राहू द्यायचं नाही, फाटकं लावायची आणि डोकी मोजायची.

"काहीतरी सभ्य नाव आहे," इश्बेल म्हणाली.

"मी त्याला माझ्या मेहुण्याचं नाव दिलंय. दार वाजवत येतो आणि जायचं नाव काढत नाही."

चालायला लागण्याआधी हेही सांगून टाकायला हवं, कारण इश्बेल पहिलं पाऊल टाकताना त्याचाच विचार करत होती. येत्या गुरुवारी समितीपुढे मर्डोचा एक ठराव येणार होता. हिवाळ्याच्या कार्यक्रमातून खालची फेरी काढून टाकावी. कारण त्यानं लेखी दिलं होतं: ती डोंगरातली चाल नसून फेरफटका आहे.

इश्बेलचा उजवा गुडघा धातूचा होता. एफीचं सांगितलंच. बाकीच्या सहांमध्येही वयानं आणि डॉक्टरांनी काही ना काही काढून घेतलं होतं. फेरी गेली तर ही आठ माणसं नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत खिडकीत बसणार होती. आजची चाल सरळ पार पडायला हवी होती, आणि मर्डोच्या डोळ्यांदेखत.


टप्पा पहिला, प्रत्यक्षात.

एक्केचाळीस मिनिटं. वारा पाठीत होता, तरी पाऊस कुठून तरी मानेत शिरत होता. सरोवरावर लाटा उठून फुटत होत्या, जणू समुद्रानं त्यांना शिकवणी ठेवली होती. मेंढ्या दगडी गडग्याच्या आडोशाला एका रांगेत, तोंडं भिंतीकडे करून. पाऊस कोमट होता. इश्बेलनं हातमोजा काढून तळव्यावर चार थेंब घेतले आणि तिला तो अजिबात आवडला नाही.

पहिल्या अर्ध्या तासातच मर्डो, इनिस आणि इनिसची बायको रॉना पुढे निघून गेले होते. इश्बेलनं दोनदा हाक मारली. वारा हाक उचलून भलतीकडे घेऊन गेला. धावावं तर मागे सत्तरीच्या पुढची पाच माणसं, आणि धातूचा गुडघा धावत नाही.

फाटक उंच, माणसाच्या दीडपट, हरणं उडी मारू नयेत म्हणून. एकेक जण आत शिरला. एफीनं फाटक ओढून कडी घातली आणि ओरडली, "दहा!"

"तेरा हवेत," कुणीतरी म्हणालं.

"मला दहापर्यंत येतं मोजता. त्यापुढचे हजर नाहीत."

वरच्या तुकडीतले दोघे अजून यांच्याबरोबर होते. त्यातला एक म्हणाला, "थांबतील की पुढं. आमच्यात तसंच असतं. ज्याला जमेल त्यानं आपल्या गतीनं जायचं, आणि वर पोचून थांबायचं."

"वर म्हणजे कुठं?" इश्बेलनं विचारलं.

"वर... म्हणजे वर. टोकाला."

"आज टोक कुठं आहे?"

त्या माणसानं आजूबाजूला बघितलं. डावीकडे पाणी. उजवीकडे ढग. टोक असं कुठंच नव्हतं. शिखराकडे जाणारी माणसं कितीही पांगली तरी शेवटी एकाच ढिगाऱ्याशी, त्याच चार दगडांपाशी येऊन मिळतात. पायथ्याची वाट कुणाला गोळा करत नाही, ती नुसती पुढे जात राहते. त्या बिचाऱ्याला हे आयुष्यात पहिल्यांदा सुचलं असावं.

फाटकापलीकडे वाटेला दोन फाटे. उजवा बंधाऱ्याकडे, डावा खाली, जिथं काळा ओढा सरोवराला मिळतो तिथल्या पाय ठेवायच्या दगडांकडे. डाव्या फाट्यावर चिखलात तीन जोडी ताजे बूट उमटले होते.


कार्डावर नसलेला टप्पा. फाट्यापासून खाली दगडांपर्यंत. तीनशे मीटर. ठरलेली वेळ नाही.

दगड नव्हते.

म्हणजे असणारच, खाली. वर तपकिरी पाणी होतं, काळ्या चहासारखं, फेसाच्या जाड कडा असलेलं, आणि जिथं जिथं दगड असायला हवा तिथं तिथं पाण्याची पाठ कुबड्यासारखी वर येत होती. बुधवारी इश्बेल एकटी ही वाट बघून गेली होती, तेव्हा याच सतरा दगडांवरून ती बूट न भिजवता पलीकडे जाऊन आली होती. खालच्या फेरीचा हा नियम तिनंच घातला होता: माणसं न्यायच्या आधी, त्याच आठवड्यात, आपण एकदा चालून यायचं. मर्डो याला हसायचा. डोंगर काय रात्रीत जागा बदलतो का?

डोंगर नाही बदलत. ओढा बदलतो. वर तीन दिवसांचं बर्फ साठलेलं, त्यावर रात्रभर कोमट पाऊस.

पलीकडच्या काठावर तीन जाकिटं. पिवळं मर्डोचं, निळं इनिसचं, लाल रॉनाचं. वीस मिनिटांपूर्वी दगड ओले असतील, पण दिसत असतील. ते उड्या मारत गेले असतील, मर्डो पुढे, आणि पलीकडे जाऊन त्यांनी थर्मास उघडला असेल. पुढे जाऊन त्यांनी बघितलंही असणार, कारण पुढे पाव मैलावर तांबडा ओढा होता आणि त्याच्यावर दगडसुद्धा नव्हते. दोन ओढ्यांच्या मधल्या पट्टीत तिघं अडकली होती.

रुंदी वीस पावलं. ओढ्याच्या आवाजात माणसाचा आवाज कुठला ऐकू येणार. पुढचं बोलणं हातांनी झालं. ते असं:

इश्बेल: हात लांब करून ओढ्याच्या वरच्या अंगाला. (वर चला. तुमच्याच काठानं.)

मर्डो: बोट स्वतःच्या छातीवर, मग ढगाकडे. (आम्ही? डोंगरावर? या हवेत?)

इश्बेल: एक तळहात आडवा, त्यावरून दुसऱ्या हाताची दोन बोटं चालवत. (वर साकव आहे. बंधाऱ्यावर.)

मर्डो: सॅकमधून नकाशा काढून, त्यावर बोट आपटून, मान जोरात हलवत. (साकव नाही. इथं काही नाही.)

इश्बेल: काही नाही. (नकाशा प्लास्टिकमध्ये बंद केलेला, कडा पिवळ्या पडलेल्या. बंधारा होऊन चार वर्षं झाली होती, नकाशा वीस वर्षांपूर्वीचा असेल. हे हातांनी कसं सांगायचं?)

मर्डो: अंगठा वर. दोन्ही हातांनी 'शांत राहा' अशी खूण.

इनिस: बायकोच्या कोपरात कोपर अडकवत.

रॉना: नाही. नाही. नाही.

मर्डो: नकाशा सॅकमध्ये, सॅकचा कमरेचा पट्टा सोडलेला, काठी दोन्ही हातांत, एक बूट पाण्यात.

एफी: तिचा हावभाव इथं लिहिण्यासारखा नाही.


"उतरतोय तो," एफी म्हणाली. "इश्बेल, तो खुळा उतरतोय! गुडघाभर असेल का गं?"

"कमरेइतकं. आणि गुडघाभर असतं तरी नेलं असतं."

"मग कर की काहीतरी! शिट्टी वाजव."

शिट्टी वाजवून झाली होती. मर्डोनं त्या शिट्टीला हात हलवून दाद दिली होती, शर्यतीत काठावरच्यांना देतात तशी. आणि त्या हात हलवण्यातच इश्बेलला सगळं कळलं.

टपालाच्या गाडीतून तिनं हे पाहिलं होतं. वरच्या वाड्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर पूर्वी पूल नव्हता, पाण्यातूनच जायचं. पाणी चढलं की शेतकरी आपापले ट्रॅक्टर लावून या काठावर मुकाट थांबायचे, सिगारेट ओढायचे. एकटा असला की प्रत्येक जण थांबायचा. पण पलीकडे कुणी उभं दिसलं, बायको दारात आली, शेजारी कुंपणाला टेकला, की त्यांच्यातलाच एखादा गाडीला गिअर टाकायचा. दोन ट्रॅक्टर तिनं स्वतःच्या डोळ्यांनी आडवे झालेले पाहिले होते. दोन्ही वेळा बघणारी तीच होती.

या काठावर आज दहा माणसं उभी होती. दहा माणसं, तोंडाला हात लावून, टक लावून.

"सगळ्यांनी पाठ फिरवायची," इश्बेल म्हणाली.

"काय?"

"पाठ फिरवायची आणि बंधाऱ्याच्या वाटेला लागायचं. आत्ता. मागे वळून कुणीही बघायचं नाही."

"अगं, त्यांना तिथं टाकून?" वरच्या तुकडीतला तो टोक शोधणारा माणूस अक्षरशः ओरडला. "तो पडला तर बघायला तरी कुणी हवं ना!"

"बघायला कुणी आहे म्हणूनच पडेल. चला."

"ही जबाबदारी तुझी आहे हं, इश्बेल."

"सकाळपासून माझीच आहे. एफी, तू पहिली फिर. तू फिरलीस की बाकीचे फिरतील."

एफीनं तिच्याकडे एकदा बघितलं. बावीस हिवाळे दोघी बरोबर चालल्या होत्या. मग ती म्हातारी टाचेवर अशी वळली की जणू पलीकडचं नाटक तिला पसंत पडलं नव्हतं आणि तिकिटाचे पैसेही तिला परत नको होते. एकामागून एक नऊ पाठी झाल्या. इश्बेलनं आधी शेवटची खूण केली: लांब हात, वरच्या अंगाला, एकदाच, मोठी, शाळेतल्या बाईंसारखी. मग तिनंही पाठ केली.


टप्पा दुसरा. फाटा ते बंधारा. दीड किलोमीटर, चढ शंभर मीटर. ठरलेली वेळ पन्नास मिनिटं.

दोनशे पावलं होईपर्यंत बघायचं नाही, असं तिनं स्वतःला बजावलं.

तीस. मागून ओढ्याचा एकसुरी गडगडाट. त्यात किंकाळी असली तर वेगळी ऐकू येईल का? येणार नाही.

साठ. गुडघा दुखत नव्हता, धातू दुखत नाही. त्याच्या भोवतालचं सगळं दुखत होतं.

नव्वद. आपण चुकलो असलो तर? तर उरलेलं आयुष्य ही नव्वद पावलं ती रोज चालेल. पण ती चुकलेली नव्हती. हे तिला जसं गाडीच्या चाव्या कुठल्या खिशात आहेत ते माहीत असावं तसं माहीत होतं. भीती वाटणं आणि खात्री असणं यांचं एकमेकांशी काही वाकडं नाही, दोघी एका बाकावर बसतात.

एकशे चाळीस. "वळू का गं?" एफी पुढून.

"नाही."

"मान आखडली माझी."

"आखडू दे."

दोनशे. तिनं आणखी वीस घेतली, उगाच, आणि मग बघितलं.

पलीकडच्या काठावर हेदरच्या झुडपांतून तीन जाकिटं वर येत होती. लाल सगळ्यांत पुढे. मग निळं. पिवळं शेवटी, मांडीपर्यंत ओलं.

"आता बघा," ती म्हणाली, आणि दहाही जणांनी एकदम श्वास सोडला.

पुढचा पाऊण तास दोन तुकड्या एकाच ओढ्याच्या दोन काठांनी चालल्या. यांच्या बाजूला बंधाऱ्यासाठी केलेला कच्चा रस्ता होता, त्यांच्या बाजूला कंबरभर झुडपं आणि खाली भोकं. इश्बेलनं आपली गती त्यांच्या गतीवर लावली. ते अडखळले की ही थांबायची, आणि त्या निमित्तानं तिचे सात जण नाक पुसून घ्यायचे. एका ठिकाणी खडक मधे आला आणि तिघंही दिसेनाशी झाली. तिनं एक शिट्टी दिली. पलीकडून उत्तर आलं, एक, बारीक. ती रॉनाची होती. मर्डोची शिट्टी सॅकच्या तळाशी असते, हे सगळ्या क्लबाला माहीत होतं.

"मर्डो गिलीस माझ्या गतीनं चालतोय," एफी म्हणाली. "हा दिवस बघायला मी जगले तर. त्या स्प्रिंगा वसूल झाल्या."

(लागलेली वेळ: एक तास दहा मिनिटं. पाऊस आडवा.)


बंधारा.

छोटाच. कमरेइतकी काँक्रीटची भिंत, तिच्यावरून पाणी काचेच्या लादीसारखं वाकून खाली पडत होतं, आणि त्याच्या वर हातभर रुंदीचा लोखंडी साकव, जाळीचा, दोन्ही बाजूंना कठडा. जाळीतून पाणी दिसत होतं. साकव थरथरत होता, पण बुधवारी तिनं त्याच्यावर उड्या मारून बघितलं होतं.

"एकेकानं!" इथं आवाज पोचत होता. "सॅकचे पट्टे सोडा. कठडा धरा. खाली बघू नका, माझ्याकडे बघा. आता बघायचं!"

रॉना आली. इनिस आला. मर्डो साकवाच्या तोंडाशी थांबला. दोनशे ब्याऐंशी शिखरं चढलेला माणूस कठडा धरून त्या जाळीकडे बघत उभा राहिला.

"ये," ती म्हणाली. या वेळी न ओरडता. त्याला ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक, पण तो आला.

बंधाऱ्याशेजारी झडपांच्या यंत्राची खोली होती, तिच्या भिंतीआड वारा नव्हता. तिथं तेरा माणसं खेटून बसली. कुणीतरी मर्डोला कोरडे मोजे दिले, कुणीतरी सूप. ओटची बिस्किटं आणि चीज हातोहात फिरलं.

"तुम्ही पाठ फिरवलीत ना," रॉना म्हणाली, "तेव्हा मला वाटलं, झालं. यांनी आम्हाला सोडलं. इतका राग आला तुमचा!"

"मग?"

"मग मर्डोकडे बघितलं. एक पाय पाण्यात, काठी रोवून, बावट्यासारखा उभा. आणि समोर कुणीच नाही, नुसत्या मेंढ्या. मी म्हटलं, मर्डो, आता उतरतोयस ते कुणासाठी?"

इनिस सुपात हसला. मर्डो हसला नाही.

"पाणी इतकं चढेल असं वाटलं नव्हतं," तो म्हणाला.

"वर बर्फ होतं ना?" इश्बेलनं विचारलं.

"होतं की. चार फूट."

"तीस वर्षं त्या बर्फावर चालतोयस तू. ते वितळलं की कुठं जातं?"

मर्डोनं भिंतीपलीकडच्या गडगडाटाकडे कान दिला. मग त्यानं सूप खाली ठेवलं. शाळेत तो इश्बेलच्या पुढच्या बाकावर बसायचा. चूक कबूल करायची वेळ आली की त्याचे कान आधी लाल व्हायचे. ते झाले.

"सकाळी तू काय वाचलंस ते मी ऐकलंच नाही. माझी चूक. मी यांना घेऊन गेलो."

"हो."

"गुरुवारचा तो ठराव मी मागे घेतो."

"का? भिजला का?" एफीनं विचारलं.

सगळे हसले, आणि हसताना सगळ्यांनी इश्बेलकडे बघितलं, की आता हिनं हो म्हणावं आणि हे संपावं. ती बिस्किटाचा चुरा तळव्यावर गोळा करत होती. तो तिनं तोंडात टाकला.

"मागे घेऊ नकोस," ती म्हणाली. "मांड."

"काय?"

"मागे घेतलास तर तो तुझ्या खिशात राहील. पुढच्या हिवाळ्यात तू काढशील, नाहीतर आणखी कुणी काढेल. लिहिलाय तसाच मांड. मतदान होऊ दे. पडू दे. आणि पडला असं इतिवृत्तात येऊ दे, म्हणजे मी मेल्यावरसुद्धा कुणाला वाचता येईल."

"आणि माझं मत?"

"ते तुझं तू बघ. मला ते लागणार नाही."

रॉनानं हातातलं चीज लावलेलं बिस्कीट ठरावाविरुद्ध मत दिल्यासारखं वर धरलं. इनिसनं बायकोकडे बघितलं आणि चमचा वर केला. वरच्या तुकडीतले उरलेले दोघे एकमेकांकडे बघत राहिले. टोक शोधणाऱ्यानं आधी हात वर केला. हात वर करणाऱ्यांत सगळी समितीची माणसं नव्हती, तिघं होती. इश्बेलनं ती तिघं मनात वेगळी काढली आणि गुरुवारची बेरीज केली. पुरेशी होती.

पावणेदोन झाले होते. अंधार पडायला अजून दोन तास होते आणि आता वारा तोंडावर घ्यायचा होता. ती उठली, गुडघा दोनदा वाकवून बघितला, सॅक चढवली आणि खिशातून कार्ड काढलं. ओलं होऊन त्याचा लगदा झाला होता, तरी ते तिनं समोर धरलं, आणि परतीचा टप्पा सगळ्यांना पाठ असला तरी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. या वेळी कुणीही नाड्या बांधत नव्हतं.